आधी दोष शोधा, मग किट बसवा

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावणं थांबलं. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ला. खासगी पद्मिनी मात्र अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये अजून जपलेल्या आहेत. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. घाटकोपरला माझ्या गॅरेजमध्ये ती येते तेव्हा मालकाची मागणी बहुधा ठरलेली असते : पॉइंट काढा आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा.

मी ते बसवतो. पण आधी जुनीच यंत्रणा ठणठणीत करतो, कारण आजारी वायरिंगवर बसवलेलं किट आजार बरा करत नाही.

यंत्रणा समजायला सोपी आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून पॉइंटकडे जातात आणि पॉइंट मिटलेला असेपर्यंत कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडला की ते कोसळतं आणि हजारो व्होल्टचा करंट डिस्ट्रिब्युटरच्या रोटरमार्गे प्लगला पोहोचतो. कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी आवरतो. पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असतं तेव्हा हे सेकंदाला १०० वेळा घडतं. त्यामुळे पॉइंट झिजणारच. त्याची फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती थोडी बदलली तरी टायमिंग सरकतं.

दोष शोधायला मला सगळ्यात आधी लागतो तो बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प. एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला लावायचं आणि सेल्फ मारायचा. दिवा लुकलुकला तर पॉइंट काम करतोय. मग रोटर, कॅप, प्लग वायर पाहायच्या. दिवा सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाही किंवा वायर तुटली आहे. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत करंट येत नाही, किंवा पॉइंट, कंडेन्सर कुठेतरी अर्थ झालाय.

मुलुंडच्या एका काकांची गाडी जागेवर उत्तम चालायची, पण पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की झटका देऊन बंद. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळं आधीच बदलून झालं होतं. मी इग्निशन चालू ठेवून दिवा लावला. पॉइंट मिटलेला, त्यामुळे दिवा विझलेला. मग इंजिन हाताने हलवलं, आणि दिवा पेटला. कॉइल बॉडीला, डिस्ट्रिब्युटर इंजिनला. दोघांमधली बारीक वायर आवरणाच्या आत तुटली होती. इंजिन माउंटिंगवर डोललं की ती सुटायची.

"काका, कॉइल चांगली होती. वायर गेलीय," मी म्हणालो. हातभर वायर आणि दोन लग यांवर काम झालं.

पावसाळ्यात कहाणी वेगळी. अंधेरी सबवेच्या आसपास पाणी साचतं, वर्सोव्याकडून खारी हवा येते. ओल्या कॅपमध्ये करंट प्लगऐवजी भलत्याच वाटेने पळतो आणि आत पेन्सिलीने काढल्यासारखी काळी रेघ उमटते. ती रेघ पॉलिश पेपरने घासून जात नाही, कॅपच बदलावी लागते. जुन्या गाडीत डायनमो असेल तर एलबीएस मार्गावर रखडताना तो जवळपास चार्जच करत नाही. त्यात हेडलाइट, वायपर चालू. व्होल्टेज उतरतं, स्पार्क कमजोर होतो आणि लोक पॉइंटला दोष देतात.

म्हणून किट बसवण्याआधी मी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलवून बघतो. बुश झिजली असेल तर शाफ्ट डोलतो. पॉइंटच्या जागी येणारा किटचा सेन्सर ते थोडंफार सोसतो, पण टायमिंग नाचायचं थांबत नाही. मग इंजिन ते बॉडी अर्थ पट्टी साफ करायची. कॉइलचा रोध मोजायचा. बॅलास्ट रेझिस्टर नसलेल्या गाडीत तो साधारण ३ ओहम हवा, कमी असेल तर किटचं मॉड्यूल जळू शकतं. प्लग वायर रेझिस्टन्सवाल्या घ्यायच्या, नाहीतर सेन्सर गोंधळतो. प्लस-मायनस उलटं झालं तर मॉड्यूल गेलंच म्हणून समजा. इंजिन बंद असताना इग्निशन चालू सोडायचं नाही. शेवटी टायमिंग लाइट लावून टायमिंग पुन्हा जुळवायचं.

एवढं केलं की फरक जाणवतो : थंड इंजिन लवकर उठतं, सिग्नलला मिसिंग होत नाही आणि पॉइंट पुन्हापुन्हा घासायला लागत नाही.

बॉडीत नवं भोक मात्र मी पाडत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. पद्मिनी हे नाव १९७४चं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयाला पोहोचल्या आहेत. केलेला प्रत्येक बदल उद्या काढून मूळ भाग परत बसवता आला पाहिजे.

काढलेला पॉइंट आणि कंडेन्सर फेकू नका. फिलर गेजसोबत डिकीत ठेवा. मॉड्यूल जातं तेव्हा बहुतेकदा सांगून जात नाही. पॉइंट मात्र आधी कुरकुरतो, आणि तो रस्त्याच्या कडेला घासून गाडी घरी आणता येते. ते घासणं, फट लावणं गाडीच्या मालकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावं, असा माझा आग्रह आहे. पद्मिनी जाणणारे मेकॅनिक कमी होत चाललेत. ही गाडी पुढची वर्षं चालायची असेल तर ती विद्या मालकांच्या हातात आली पाहिजे.