तुपाचे मण, गुळाच्या ढेपा

पुण्याच्या मार्केट यार्डाच्या गूळ-भुसार विभागात आवाज चढवून बोलणाऱ्याला कुणी उद्धट म्हणत नाही. इथं भाव ओरडूनच ठरतो. ढेपा मांडलेल्या असतात. खरेदीदार वाकून एखादीवर टिचकी मारतो, कोपरा नखानं खरवडून जिभेवर ठेवतो आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता आकडा बोलतो. आवडलेला माल आवडला नाही असं दाखवणं हा या धंद्याचा पहिला धडा. आकडा थोडा थोडा सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. मग हिशेबाच्या पट्टीवर नाव चढतं आणि हमालाच्या पाठीवर माल.

यांतल्याच जैन व्यापाऱ्यांच्या तोंडून पर्युषणात दुसरी बोली ऐकू येते. यार्डाच्या आसपास, बिबवेवाडी, मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क या भागांत जैनांची वस्ती दाट आहे. नाना पेठ-भवानी पेठेतला भुसार बाजार गुलटेकडीला आला, तशी व्यापाऱ्यांची घरंही हळूहळू इकडे सरकली. घरं आली तशी मंदिरं आणि जैन स्थानकंही आली. श्वेतांबर मूर्तिपूजकांच्या पर्युषणात महावीर जन्मवाचनाचा दिवस येतो. त्रिशलामातेची चौदा स्वप्नं चांदीत घडवलेली असतात, एकेक खाली उतरवलं जातं आणि त्याला हार घालण्याचा मान कुणाचा, हे बोलीवर ठरतं. परंपरेनं ही बोली रुपयांत नसते, मणांत असते, मण तुपाचा. एका मणाचे किती रुपये धरायचे, हे त्या त्या संघाचं ठरलेलं. एक वार, दोन वार, तीन वार, आणि ज्याचा आकडा टिकला त्याला ‘आदेश’ मिळतो.

बाहेरच्याला यात धर्माचा बाजार दिसतो. तसं म्हणणारे माझ्या ओळखीतही आहेत. मला मात्र उलट वाटतं. सकाळच्या लिलावात जिंकणारा माल घेऊन जातो. इथं जिंकणारा घरी काहीच नेत नाही. पैसा देवद्रव्यात जातो, आणि देवद्रव्याला दुसऱ्या कामासाठी हात लावणं हे पाप मानलं जातं. ज्याला आयुष्यभर एकच भाषा सफाईनं येते, तो सोडायचंही त्याच भाषेत शिकतो. आता मागच्या रांगेत बसलेल्या, गाळ्यावर पगारी नोकरी करणाऱ्या श्रावकाला ते आकडे ऐकताना काय वाटत असेल, हा प्रश्न राहतोच. तो मला सुटलेला नाही.

त्याचं काहीसं उत्तर बहुधा डोंगरावर आहे. गुजरातेतल्या पालिताण्याच्या शत्रुंजयावर साडेतीन हजारांवर पायऱ्या आहेत. पहिल्या पूजेची बोली तिथंही होते आणि थकलेल्याला डोलीही मिळते. पण नव्वाणू यात्रा करायला बसलेल्या माणसाला रोज चढायचं, रोज उतरायचं असतं, आणि माथ्यावरच्या आदिनाथापर्यंतची एकही पायरी कुणी त्याच्या नावावर चढवून देत नाही. वर रात्री राहायचं नाही. माथा गाठला तरी मुक्कामाला खालीच यायचं.

आणि चातुर्मासात तर चढायचंच नाही, हा मूर्तिपूजकांचा दंडक. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू वाढतात, पायाखाली हिंसा होते, म्हणून साधू-साध्वीही चार महिने एका गावी थांबतात. यार्डातल्या माणसाला याची गंमत जास्त कळावी. आषाढी एकादशीला इथल्या कितीतरी हमालांची वारी पंढरीला पोहोचते. त्यानंतर तीनच दिवसांत, आषाढी चतुर्दशीला, जैन साधूंचं चालणं थांबतं. हमाल माघारी येऊन पुन्हा पोत्याला खांदा देतो तेव्हा शेठजींचे महाराज जवळच्याच उपाश्रयात स्थिर झालेले असतात. म्हणजे वर्षातले चार महिने तीर्थच बाजारापाशी मुक्कामाला. जैन परंपरा साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका या चौघांच्या संघालाच तीर्थ मानते, तेव्हा हे नुसतं अलंकारिक बोलणं नाही. पुण्यात मोठ्या संख्येनं असलेल्या स्थानकवासींचं तर यावरच भागतं. ते मूर्ती मानत नाहीत. त्यांना डोंगराची ओढ नाही, प्रवचनाची आहे. सकाळी व्याख्यान ऐकून थेट गाळा उघडायचा आणि सूर्य मावळायच्या आत डबा संपवायचा. पलीकडे त्याच आवारात कांदा-बटाट्याचे ढीग, जे यांतल्या कित्येकांच्या ताटात कधी येणार नाहीत.

जैन म्हटलं की पुणेकराला मारवाडी-गुजराती गाळेवालाच आठवतो. पण यार्डात कोल्हापूरकडचा गूळ येतो, आणि तिकडं हातकणंगले-शिरोळात ऊस लावणारे जैन शेतकरी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणारे. कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्यातलेच, जन्म कुंभोजचा. त्या कुंभोजजवळ बाहुबलीची २८ फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ साली उभी राहिली. लढाई जिंकूनही राज्य सोडून उभा राहिलेला, अंगावर वेली चढल्या तरी न हललेला बाहुबली. पिकवणारा एका तीर्थाचा, विकणारा दुसऱ्या तीर्थाचा, पंथही वेगळे. मध्ये फक्त गुळाची ढेप. तिची पट्टी दोघांनाही मान्य व्हावी लागते.

व्यापार आणि विरक्ती यांचा हा शेजार जुनाच. मावळात पाले गावाजवळ एका लेण्यात ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याची सुरुवात अरिहंतांना नमस्कार करून होते, म्हणून पुरातत्त्वाचे अभ्यासक सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो जैन मानला. लेखात दानाचा तपशील आहे: इंद्ररक्षितानं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, करवली. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी व्यापारी वाहतूक याच मावळातून जायची. कार्ले, भाजे, बेडसेही त्याच मुलखात. विरक्तांची राहण्याची जागा वाटेपासून फार लांब असून चालत नसे. भिक्षा वाटेवरच मिळणार.

ती आजही वाटेवरच मिळते. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजय पुन्हा खुला होतो. ज्यांना जाणं जमत नाही ते शत्रुंजयाचं चित्र असलेल्या मोठ्या पटासमोर उभे राहून वंदन करतात. चातुर्मास संपला की साधू जीवजंतू हळुवार बाजूला सारणारा ओघा खांद्याशी घेऊन, लाकडी पातरी झोळीत बांधून पहाटेच निघतात, आणि संघातली माणसं पहिल्या टप्प्यापर्यंत सोबत चालतात. हेच नेमके नव्या तांदळाच्या आवकीचे दिवस. मुलाला गाळ्यावर बसवून शेठजी अनवाणी चालत असतात आणि मोबाइल खिशात थरथरत असतो. बरेचजण तो घेत नाहीत. काहीजण घेतात, आंबेमोहोराचा भाव हळू आवाजात सांगतात आणि पुन्हा रांगेत मिसळतात.