कुलूप आणि कोठार

कुलूप बिघडले म्हणून कोठारातले धान्य नासत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. संगणकापुढे बसलेला शहाणा माणूस मात्र ते विसरतो. बटण दाबावे, काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी उमटाव्यात आणि यंत्राने पुढे सरकू नये, की त्याला वाटते, सारे गेले!

माझे यंत्र असे अडून बसले तेव्हा त्याच्या पोटात आईचा आवाज होता. जात्यावरच्या ओव्या तिने शेवटच्या वर्षी म्हटल्या होत्या. आता आई नाही.

शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "काका, यंत्राला जागे करणारी प्रणाली बिघडलीय. फायली जागच्या जागी असतील." त्याने खिशातून अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह काढला. त्यात लिनक्स होते. बाहेरच्या प्रणालीवर यंत्र चालवायचे आणि आतल्या डिस्कवर एक अक्षरही न लिहिता सारे उतरवून घ्यायचे. क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थांनी २००० साली काढलेले 'क्नॉपिक्स' याच कामासाठी नावाजले.

"नवी प्रणाली आत्ताच घातली तर ती जुन्या फायलींवरच बसायची," तो म्हणाला. "आणि डिस्क टकटक वाजत असती, तर मी यंत्र चालूच केले नसते."

पाऊण तासात ओव्या दुसऱ्या डिस्कवर आल्या. यंत्र अजून रुसलेलेच होते. मला घाई नव्हती. दुरुस्तीचा उत्साह पुष्कळदा बिघाडापेक्षा अधिक नासधूस करतो. आणि हे काही यंत्रांपुरतेच खरे नाही.