साठ पावले

अध्यापकाचा पेशा पत्करला की कोण कोणत्या विषयावर सल्ला विचारील याचा नेम नसतो. तथापि जन्मात कधी बंदुकीचा चाप न ओढलेल्या आम्हांस हरणाच्या शिकारीसाठी गोळी निवडून द्यावी लागेल, हे आमच्या स्वप्नीही नव्हते. अमेरिकेत आयोवा राज्यात राहणाऱ्या आमच्या पुतण्याचे पत्र आले : "काका, बारा बोअरची, आट्यांच्या नळीची बंदूक घेतली आहे. दुकानात स्लगचे दहा प्रकार दिसतात. धनजच्या पणजोबांच्या बंदुकीची हकीकत तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा कोणता घेऊ ते सांगा."

प्रथम आम्ही रागावलो. वाशीम जिल्ह्यातील धनज हे आमचे मूळ गाव. त्याच तालुक्यात कारंजा-सोहोळचे अभयारण्य काळविटांसाठी राखलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार हा गुन्हा ठरला. आणि तुरीत शिरणाऱ्या रोह्यांसाठी रात्ररात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्यालाही परवानगीवाचून त्यांना मारता येत नाही. आयोवात मात्र सरकारच परवाने देऊन हरणांची संख्या आवरते. त्या सपाट मुलखात रायफलीची गोळी फार लांब जाण्याची धास्ती. म्हणून बंदुकीतून छर्‍यांऐवजी शिशाचा एकच जाड गोळा, म्हणजे स्लग, झाडण्याची तेथे पुष्कळ वर्षांची वहिवाट आहे. आता काही ठराविक काडतुसांच्या रायफलींनाही मुभा मिळाली आहे. सारांश, प्रश्न गुन्ह्याचा नव्हता, विवेकाचा होता. आणि राग ओसरल्यावर आम्ही पुस्तके उघडली.

नळीच्या आत नागमोडी आटे पाडले की गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते व सरळ जाते. बंदुकीच्या नळीला हे आटे केवळ तोंडाशी पाडण्याची युक्ति हिंदुस्थानातील फौजेत नोकरी केलेल्या फॉसबेरी नामक अधिकाऱ्याने १८८५ च्या सुमारास काढली. 'पॅराडॉक्स' या नावाने ती बंदूक येथील शिकाऱ्यांत पुढे प्रसिद्ध झाली. गुळगुळीत नळीसाठी केलेला साधा स्लग पुढून जड व मागून पोकळ असतो. बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे तो तोंड पुढे करूनच उडतो. तो आट्यांच्या नळीतून झाडला तर मऊ शिसे आट्यांत माखते आणि नेम बिघडू लागतो. उलट, आट्यांच्या नळीसाठी प्लॅस्टिकच्या खोळीत बसविलेला स्लग मिळतो. आटे खोळीला धरून फिरवितात, बाहेर पडताच खोळ गळते आणि आतील गोळी फिरत पुढे जाते. हाच स्लग गुळगुळीत नळीतून झाडला तर फिरत नाही, कोलांट्या खातो. नळी आणि गोळी यांची पत्रिका जुळली पाहिजे, हे पहिले सूत्र.

परंतु आजोबांची हकीकत याहून वेगळी होती. ती आम्हांस वडिलांनी सांगितली. १९७२ पूर्वीची गोष्ट. आजोबांची बंदूक गुळगुळीत नळीची. एका सकाळी त्यांनी बरेच दूर उभ्या असलेल्या काळविटावर एकगोळी काडतूस झाडले. काळवीट कोसळले, उठले आणि पऱ्हाटीत शिरले. बारा वर्षांचे आमचे वडील रक्ताच्या थेंबांमागे अंधार पडेपर्यंत हिंडले. तिसऱ्या दिवशी आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागली, तेव्हा जागा कळली. घरी कोणी काही बोलले नाही. आजोबांनी मात्र बांधाला एक जुने दार टेकविले आणि तितक्याच अंतरावरून पाच गोळ्या झाडल्या. दोन भोके दारात होती. तीन गोळ्या मातीत गेल्या होत्या. "हे अगोदर करायला हवे होते," एवढेच ते म्हणाले. शिकार त्यांनी सोडली नाही. पण साठ पावलांपलीकडे बंदूक पुन्हा कधी उचलली नाही.

आम्ही पुतण्याला लिहिले : आट्यांच्या नळीचे म्हणून विकले जाणारे तीन प्रकार थोडे थोडे घे. एकच नळी एका गोळीशी सलोख्याने वागते व दुसरीशी नाही. किंमतीवरून ते कळत नाही. मागे मातीचा उंच बांध पाहून कागदाची जेवणाची थाळी लाव, बंदूक टेकवून झाड. मग उभ्याने, थंडीत, जाड कपड्यांत झाड. जितक्या अंतरावर सर्व गोळ्या थाळीत पडतील तितकीच तुझी मर्यादा; दुकानदाराने सांगितलेली नव्हे. आणि हे सर्व परवान्याच्या दिवसापूर्वी.

पंधरवड्याने त्याने थाळीचे छायाचित्र पाठविले. शंभर यार्डांवरून पाच गोळ्या, असे खाली अभिमानाने लिहिले होते. आम्ही चष्मा पुसून भोके मोजली. चार थाळीत होती; पाचवे काठाबाहेर, कोऱ्या पुठ्ठ्यावर. आम्ही उलट लिहिले : "वीस पावले पुढे ये, आणि पुन्हा झाड."