आयमाउथचा धक्का

स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील कोल्डिंगहॅम गांवीं कॅरव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, तळ आहे. तेथें दोन दिवस आमचें बिऱ्हाड होतें. गांवांत राजा एडगरनें अकराव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलेल्या मठाचे अवशेष आहेत. उत्तरेस सेंट ॲब्ज हेडचे उंच कडे. वैशाख-ज्येष्ठांत तेथें हजारों सागरपक्षी घरटीं करितात. तेथील दीपस्तंभ १८६२ सालचा.

परंतु आमचें मन गुंतलें तें जवळच्या आयमाउथ बंदरांत. १४ ऑक्टोबर १८८१ रोजीं वायुभारमापकांतील पारा उतरला असतांहि, आकाश निरभ्र पाहून कोळ्यांनीं होड्या हांकारल्या. वादळी हवेमुळें कित्येक दिवस मिळकत नव्हती. दुपारीं तुफान उठलें. या किनाऱ्यावरचे १८९ पुरुष बुडाले; पैकीं १२९ एकट्या आयमाउथचे. कांहीं होड्या तर बंदराच्या तोंडाशीं, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. २०१६ सालीं तेथें ब्राँझचें स्मारक झालें. त्यांत बुडालेला पुरुष एकहि नाहीं. आहेत त्या समुद्राकडे पाहणाऱ्या विधवा आणि त्यांचीं मुलें.

नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहणाऱ्या आपल्या कोळणी आम्हांस तेथें आठवल्या. तिकडे जाणाऱ्यानें कडे अवश्य पाहावे. पण घटकाभर या बायकांपाशींहि उभें राहावें.