पेंढ्याचं रेडकू

आमच्या गोठ्यात चंद्री नावाची म्हैस होती. मी आठ-नऊ वर्षांची असताना तिचं रेडकू दहाव्या दिवशी दगावलं. दोन दिवस ती रेकत राहिली. आंबोणाला तोंड लावेना, आणि आजी धारेला बसली की कास आवळून घ्यायची. गावातल्या एका म्हाताऱ्याने रेडकाचं कातडं सोडवून नेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यात पेंढा भरून, शिवून त्याने ते परत आणलं. पाय नव्हते. डोळ्यांच्या जागी सुतळीचे टाके होते.

आजीने ते गव्हाणीला टेकवून उभं केलं. चंद्रीने हुंगलं, जोरात श्वास सोडला, मान मागे घेतली. पुन्हा हुंगलं. मग मानेपासून पाठीपर्यंत चाटायला लागली. खरखरीत जिभेखाली ते केस ओले होऊन एका बाजूला बसत गेले. बऱ्याच वेळाने चरवीत पहिली धार वाजली.

मी विचारलं, "तिला कळत नाही का गं, हे खोटं आहे ते?"

आजी हात न थांबवता म्हणाली, "कळतंय की. पण पान्हा कळण्यावर नसतो, बाई."

आपण म्हशीला फसवतो आहोत ही टोचणी कमी करायला आजी तसं म्हणाली असेल, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. पुढे पान्ह्याबद्दल वाचलं. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध कासेत वरच्या बाजूला, बारीक पिशव्यांमध्ये असतं. सडापाशी फारसं साठत नाही. रेडकाच्या ढुशा, त्याचा वास, त्याला चाटणं, यांतून मेंदूला निरोप जातो. तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि ते त्या पिशव्या पिळतं, तेव्हा दूध खाली येतं. म्हैस बिचकलेली असेल तर येत नाही. नऊ अमिनो आम्लांचा हा इवलासा रेणू व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत घडवला आणि १९५५ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हशीच्या आणि बाईच्या रक्तात तो अगदी एकच असतो.

हे मला पुस्तकाआधी एसटीत कळलं होतं. लेक तीन महिन्यांची झाली आणि मी कामावर रुजू झाले. एका संध्याकाळी मागच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझं ब्लाउज भिजलं. ते मूल माझं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी लेक घरी सासूबाईंजवळ झोपलेली होती. तरी पदर ओढून घेत मी खिडकीकडे तोंड केलं, आणि चंद्री आठवली.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सी. लॉइड मॉर्गन यांनी १८९४ साली एक नियम सांगितला. प्राण्याचं वागणं मनाच्या साध्या क्रियेने उलगडत असेल, तर त्याच्यावर वरच्या पायरीची बुद्धी लादू नये. नियम चांगला आहे, मला मान्य आहे. मात्र तो आपण चंद्रीला लावतो आणि स्वतःला लावत नाही. ती पेंढा चाटते तेव्हा तिला अक्कल नाही म्हणतो. माझं दूध परक्या रडण्याला उतरतं तेव्हा त्याला वात्सल्य म्हणतो.

चंद्रीपुढे खोटं बाळ होतं. खोटी आईही बनवली गेली. त्याआधीच्या काळात मुलांना फार जवळ घेऊ नका, असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ होते. जॉन वॉटसन यांनी १९२८ साली पालकांसाठी तसं पुस्तकच लिहिलं. मूल आईला बिलगतं ते दुधापोटी, अशी समजूत होती. मग अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी ऱ्हिसस माकडांची पिल्लं जन्मानंतर काही तासांतच आयांपासून तोडली आणि त्यांना दोन 'आया' दिल्या. एक नुसत्या तारेची, एक मऊ कापड गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला असली तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडे जायची आणि बाकीचा बहुतेक वेळ कापडाला कवटाळून असायची. घाबरली की धावायची तीही कापडाकडेच. १९५८ साली हे प्रसिद्ध झालं आणि माणसाच्या बाळाला स्पर्श हवा, हे सांगायला मोठा आधार मिळाला.

त्या पिल्लांचे फोटो मी फार वेळ बघू शकत नाही. त्यांचं मन आपल्यासारखं आहे म्हणून तर त्यांच्यावरून आपल्या मुलांबद्दल निष्कर्ष काढला. आणि ते आपल्यासारखं नाही असं धरून त्यांना आयांपासून तोडलं. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकाच पिंजऱ्यापुढे केल्या.

२०१८ च्या जुलैत कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाजवळ ताहलेक्वा नावाच्या ओर्का (किलर व्हेल) मादीचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासात गेलं. सतरा दिवस ती ते डोक्यावर तोलून पोहत होती. घसरून बुडायला लागलं की खाली सूर मारून पुन्हा वर आणायची. २०२५ च्या सुरुवातीला ती पुन्हा एक मेलेलं पिल्लू वाहताना दिसली. तेव्हा सगळीकडे एकच प्रश्न विचारला गेला, की ते मेलंय हे तिला कळत होतं का? मी गोठ्यात आजीला विचारला होता तोच.

आजी जाऊन आता अकरा वर्षं झाली. बाराव्यानंतर आई आणि मी तिची ट्रंक उघडली. नऊवारी लुगडी, देवाचं कुंकू, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पांढरं झबलं. आजीचं दुसरं मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं, हे आईने मला तेव्हा सांगितलं. मी झबलं नाकाशी धरलं. डांबराच्या गोळ्यांखेरीज कसलाच वास नव्हता. ते एकदाच घालून ठेवल्यासारखं कोरं दिसत होतं, पण प्रत्येक घडीच्या रेषेवर कापड विरून जाळी झाली होती.