राजाला बघायला

बोरिवली स्टेशनातून आमच्या घरापर्यंत रिक्षाने बारा मिनिटं लागतात. २०२५ च्या गणपतीत एका संध्याकाळी मी या बारा मिनिटांत राजे मोजले. सात निघाले. कुठल्याशा नगराचा राजा, एका चाळीचा महाराजा, नाक्यावर चक्क एक सम्राट, आणि मध्येच एका बालमित्र मंडळाचा साधासुधा गणपती, ज्याला बहुतेक कुणी प्रमोशन दिलं नव्हतं. प्रत्येक राजाच्या कमानीवर राजापेक्षा मोठे फोटो भावी नगरसेवकांचे. (महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे त्या वर्षी कमानी जरा जास्तच रुंद होत्या.)

माझा एक मित्र ऑनसाइट लंडनला असतो. दर नाताळात तो बकिंगहॅम पॅलेसबाहेरचा फोटो पाठवतो. फाटक, अस्वलाच्या केसांच्या टोप्यांतले शिपाई, थंडीत कुडकुडणारी गर्दी. राजा कधीच नसतो फोटोत. मी त्याला कळवलं, बाबा रे, आमच्याकडे ये. बारा तास उभं राहावं लागेल, पण आमचा राजा दिसतो तरी.

तसे मुंबईने खरेखुरे राजेही पाहिलेत म्हणा. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला. त्याच्या आठवणीखातर बांधलेलं गेटवे पुरं झालं १९२४ साली, म्हणजे राजा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी. (डेडलाइन न पाळण्याची परंपरा आमच्या इंडस्ट्रीने सुरू केलेली नाही, हे यावरून सिद्ध होतं.) मधे १९२१ मध्ये त्याचा युवराज आला, तेव्हा काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता आणि शहरात दंगल उसळली. आणि पुढे १९३४ मध्ये याच शहराने लालबागेत स्वतःचा राजा बसवला. बोटीने आलेल्यापेक्षा आपण बसवलेला राजा मुंबईकरांना जास्त मानवला, एवढं खरं.

असो. तर त्या गणपतीत मला वेळच वेळ होता, कारण मी बेंचवर होतो. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोजेक्ट संपतो, दुसरा मिळत नाही, पगार चालू राहतो, आणि रोज सकाळी लॉगिन करून आपण काहीच करत नाही. ऐकायला छान वाटतं ना? पहिले चार दिवस छान वाटतं. पाचव्या दिवसापासून माणूस आपला बायोडेटा पुन्हा पुन्हा वाचायला लागतो. त्याच जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर लोक कमी करणार असं जाहीर केलं होतं. माझी कंपनी ती नव्हे. पण एका घरात शिंक आली की अख्खी चाळ रुमाल शोधते, तसं आमच्याकडे झालं. टीममधले आम्ही पाच जण एकदम मोकळे झालो. घरी सगळ्यांना माहीत होतं. बाबा रोज फक्त एवढंच विचारायचे, "आला का फोन?"

या पाच जणांनी ठरवलं की नाहीतरी रिकामेच आहोत, लालबागला जाऊ. एरवी सुट्टी कोण देतो! शुक्रवार, २९ ऑगस्टची रात्र. त्याच दिवशी आझाद मैदानात मराठा आरक्षणाचं उपोषण सुरू झालेलं, त्यामुळे सीएसएमटीकडे जाणारी गर्दी आणि लालबागकडे जाणारी गर्दी एकमेकांत मिसळली होती. आम्ही लोअर परळला उतरून चालत गेलो. लालबागच्या राजाला दोन रांगा असतात. एक नवसाची, म्हणजे थेट पायांपर्यंत, आणि दुसरी मुखदर्शनाची, म्हणजे लांबून. शिवाय तिसरी एक असते, जिला रांग म्हणता येत नाही, कारण तिच्यात कुणी उभंच राहत नाही. त्या तिसऱ्या वाटेवरून हल्ली दरवर्षी व्हिडिओ फिरतात आणि लोक चिडतात. मला त्यात फारसं नवल वाटत नाही. राजा म्हटलं की दरबार आला आणि दरबार म्हटलं की मानकरी आले. २०२४ मध्ये राजाला वीस किलोंचा सोन्याचा मुकुट वाहिल्याची बातमी होती. तो काही मुखदर्शनाच्या रांगेतून कुणी पिशवीत घालून आणला नसणार.

आम्ही मुखदर्शनाच्या रांगेत. पुढे मुलुंडहून आलेले एक काका होते, सत्तरीचे. पूर्वीचे गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांची नोकरी जेमतेम सहा वर्षांची होती. पुढे लालबागची खोली सुटली, ठाण्यात एका कंपनीत वॉचमन, मग मुलुंडला मुलाचं घर. दरवर्षी येतात. नवसाच्या रांगेत का नाही गेलात, असं आमच्यातल्या एकाने विचारलं, तर म्हणाले, "मला काय मागायचंय आता? मी आपला बघायला येतो."

मग त्यांनी आम्हाला पेरू चाळीची गोष्ट सांगितली. मी ती आधी कुठेतरी वाचली होती, पण रात्री दीड वाजता रांगेत उभं राहून ऐकण्यात वेगळी मजा असते. १९३२ मध्ये तिथला बाजार बंद झाला. मासळी विकणारे कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर आले, रस्त्यावर बसून धंदा करायला लागले. त्यांनी नवस केला की बाजाराला हक्काची जागा मिळू दे. जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये गणपती बसला. नवसाला पावणारा वगैरे जे म्हणतात ते तिथून सुरू झालं. म्हणजे बघा, ज्याच्याकडे आज लोक फ्लॅट, मूल, व्हिसा मागतात, त्याच्याकडचं पहिलं मागणं टोपली टेकवायला जागा मिळावी एवढंच होतं. आणि ते एकट्यादुकट्याचं नव्हतं, अख्ख्या बाजाराचं होतं.

पहाटे साडेचारला राजा दिसला. तीन सेकंद असतील, फार तर चार. काकांनी हात जोडले नाहीत, नुसतं मान वर करून बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं. मी मात्र त्या तीन सेकंदांत 'प्रोजेक्ट' एवढा एकच शब्द म्हणून घेतला. उगाच वाक्यरचनेत वेळ कशाला घालवा!

रविवारी नाश्त्याला हे सगळं घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "एवढ्या लांब कशाला गेलास? आपला अंधेरीचा होता की."

बाबांचं बालपण अंधेरीत आझाद नगरच्या आसपास गेलं. आजोबा मूळचे लालबागचे. साठच्या दशकात अंधेरीकडे कारखाने वाढले तेव्हा बरीच कामगार मंडळी तिकडून इकडे राहायला आली, त्यातले एक. येताना माणसं भांडीकुंडी आणतात, यांनी गणपतीही आणला. गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील, एक्सेल इंडस्ट्रीज अशा कंपन्यांतल्या कामगारांनी मिळून १९६६ मध्ये आझाद नगरला सार्वजनिक गणपती सुरू केला. तोच आजचा अंधेरीचा राजा. आजोबा या तिन्ही कंपन्यांत नव्हते, एका छोट्या वर्कशॉपात टर्नर होते. पण वर्गणी द्यायचे आणि मांडव घालायला जायचे.

त्याच दुपारी बाबा आणि मी निघालो. मेट्रोने अंधेरी पश्चिमला उतरून डी. एन. नगरला दुसरी मेट्रो पकडली की पुढचंच स्टेशन आझाद नगर. बाबांना हे फार गमतीचं वाटतं. त्यांच्या लहानपणी तिथे संध्याकाळनंतर बसची वाट बघत बसायला लागायचं. निघताना त्यांनी माझी हाफ पँट बदलायला लावली. त्या मांडवात तोकडे कपडे चालत नाहीत. मला हा नियम काही पटत नाही, पण राजाच्या दरबारात ड्रेस कोड असणारच, आणि आमच्या ऑफिसात तरी कुठे चालते!

रांग लालबागच्या मानाने काहीच नव्हती. त्यामुळे बाबांना बोलायला पाऊण तासच मिळाला.

बाकी बहुतेक मोठे गणपती अनंत चतुर्दशीला जातात. अंधेरीचा राजा त्या दिवशी जात नाही. तो संकष्टीपर्यंत थांबतो. मला लहानपणापासून हे माहीत होतं, पण त्यामागचं कारण मी कधी धडपणे ऐकलं नव्हतं. सत्तरच्या दशकात त्या कारखान्यांत टाळेबंदी झाली. दिवस गेले, महिने गेले. तेव्हा कामगारांनी नवस केला की कारखाने सुरू झाले तर आमच्या गणपतीचं विसर्जन आम्ही संकष्टीला करू. टाळं उघडलं, आणि तेव्हापासून तो संकष्टीलाच जातो.

"तुम्हाला आठवतं ते?" मी विचारलं.

"टाळेबंदी नाही आठवत," बाबा म्हणाले. "पापड आठवतात."

मोठ्या कंपन्या बंद म्हणून त्यांच्यावर अवलंबून असलेली आजोबांची वर्कशॉपही बंद पडली होती. आजी पापडाचं पीठ आणून घरी लाटायला लागली. दहा बाय बाराच्या खोलीत सगळीकडे पापड वाळत घातलेले. बाबा तेव्हा चौथीत की पाचवीत. पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न, त्यामुळे ते आणि काका अभ्यासाला जिन्यात बसायचे. आजोबा रोज सकाळी डबा न घेता बाहेर पडायचे आणि नाक्यावर इतर बंद कंपन्यांच्या लोकांत जाऊन उभे राहायचे. आजी चिडायची, घरात बसून पापड मोजायला काय होतं म्हणून. ते म्हणायचे, "घरी बसलो तर मी एकटा बेकार, तिथे गेलो तर आम्ही चारशे."

आमच्या घरात पापड का तळत नाहीत, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. मला इतकी वर्षं वाटायचं, बाबांना पित्त आहे.

मूर्तीसमोर बाबा बराच वेळ उभे राहिले. कार्यकर्त्याने 'चला पुढे' म्हटलं नाही. कदाचित वयाकडे बघून. बाहेर आल्यावर मी विचारलं, माझ्यासाठी काही बोललात का? म्हणाले, "छे! तुझ्या एकट्यासाठी काय बोलणार? तुम्ही पाच जण आहात ना, तुम्हीच या की एकदा मिळून." मी हसलो. आम्हा पाच जणांचं मिळून काय आहे, तर एक व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यावर जोक्स आणि ओपनिंग्ज. त्यातही एखादी ओपनिंग चांगली दिसली तर जो तो आधी स्वतः अप्लाय करतो आणि मग दोन दिवसांनी ग्रुपवर टाकतो. सगळ्यांना हे माहीत आहे, कुणी बोलत नाही. बाबांना हे कसं समजावणार? आणि खरं सांगायचं तर त्या चारशेंनीही एखाद्या रिकाम्या जागेची बातमी कधी दाबून ठेवली नसेल, असं मी पैजेवर सांगणार नाही.

पुढच्या रविवारी लालबागच्या राजाचं विसर्जन अडलं. शनिवारी निघालेली मिरवणूक रविवारी सकाळी गिरगावला पोचली, पण भरतीमुळे मूर्ती तराफ्यावर चढवता येईना. तो पार रात्री गेला. राजालासुद्धा समुद्राने रांगेत उभं केलं! मी दिवसभर टीव्हीसमोर. बाबा अधूनमधून येऊन बघायचे आणि म्हणायचे, "आपला अजून आहे."

आपला गेला १० सप्टेंबरच्या संकष्टीला. बुधवार होता, पण बेंचवाल्याला बुधवार काय नि रविवार काय. बाबा आणि मी वर्सोव्याच्या वाटेवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मिरवणूक इतकी हळू चालते की दुसऱ्या दिवसाचं ऊन डोक्यावर येतं, तेव्हा कुठे समुद्र दिसतो. रात्री दीडच्या सुमारास बाबांना एक जुने शेजारी भेटले, मंडळाचा बिल्ला लावलेले. ओळख करून देताना बाबा सरळ म्हणाले, "हा माझा मुलगा. कॉम्प्युटरमध्ये आहे. सध्या याच्याकडे काम नाही." मला कसंसंच झालं. त्या काकांना मात्र काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "किती जण आहात?"

"पाच."

"भेटता का?"

मी ग्रुपचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बहुतेक कळलं नसावं, आणि तेवढ्यात ढोल इतके जवळ आले की पुढचं बोलणं झालंच नाही. (पाचपैकी तिघांना नोव्हेंबरात प्रोजेक्ट मिळाला, त्यात मी होतो. दोघांना राजीनामा द्यायला लावला. ग्रुप अजून आहे. ते दोघंही आहेत त्यात, पण बोलत नाहीत.)

राजा पुढे गेला तेव्हा साडेतीन वाजले होते. बाबांना आणखी थोडं मागे मागे जायचं होतं, म्हणून गेलो. मग गुडघा बोलायला लागला, तेव्हा त्यांनीच रिक्षा थांबवली. घरी पोचेपर्यंत उजाडायला आलं होतं. बाबा झोपले. मी चहा केला, नऊपर्यंत कसाबसा जागा राहिलो, लॉगिन केलं, टाइमशीटमध्ये 'अनअलोकेटेड' समोर आठ तास भरले आणि लॅपटॉपवरच डोकं टेकवलं.