चिंगीचं बाळंतपण

चिंगी आणि मंगी दोघी बहिणी म्हणून आमच्या घरी आल्या. दोन्ही माद्याच आहेत, असं नागपूरच्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. महिना-दीड महिन्यात मंगीचा मंग्या झाला आणि चिंगीचं पोट दिसू लागलं. लहान वयाच्या गिनीपिगांत नर-मादी ओळखणं जाणत्यालाही अवघड जातं म्हणे. दुकानदाराला मी तेवढ्यावर सोडून देते.

पोट पहिल्यांदा ओळखलं ते आजीनं. आजी लाखांदूरकडची. जन्म धानाच्या बांध्यांत आणि गोठ्यात गेलेला. भंडाऱ्याच्या आमच्या घरात ‘हे शेपटीचे उंदीर तरी बरे, हे तर बिनशेपटीचे’ म्हणून ती या जोडीकडे फिरकत नसे. पण एका दुपारी चिंगी तिच्या पुढ्यातून डुलत गेली आणि आजी म्हणाली, “हे गाभन हाये. दूर ठेवा त्या दुसऱ्याले.”

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की गाई-शेळ्यांचं विचारा, याचं पुस्तक पाहून सांगतो. आणि खरोखर पाहून सांगितलं. बाकीचं भावाच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंकडून कळलं. पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या आत झालं तर ठीक; त्यानंतर कमरेच्या हाडांचा सांधा पक्का होतो, पिल्लं अडकतात आणि मादी दगावते. चिंगी पाच महिन्यांची असावी. आमचं नशीब, दुसरं काय.

बाईंनी सांगितलेली दुसरी गोष्ट म्हणजे आजीचीच, फक्त कारणासकट. पिल्लं झाल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, त्यामुळे नर आधीच वेगळा काढायचा. मंग्याची रवानगी जाळीपलीकडे झाली. तो दोन दिवस जाळी कुरतडत बसला, मग काकडी खाऊन विसरला.

उंदराचं सारं तीन आठवड्यांत उरकतं, सशाचं महिन्याभरात. गिनीपिगला मात्र ५९ ते ७२ दिवस लागतात. याच गोतावळ्यातला चिलीचा देगू तर तीन महिने घेतो. एवढ्याशा जिवाला एवढे दिवस कशाला, हे पिल्लं पाहिल्यावर कळलं.

बाबांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. तिथल्या काट्यावर चिंगीला दर रविवारी डब्यात बसवून तोलायचं. आठशे ग्रॅमच्या आसपासची चिंगी हळूहळू बाराशेच्या वर गेली. शेवटी शेवटी ती बसली की दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या ठेवल्यासारखी दिसे. वजन एकदम उतरलं, खाणं सुटलं, की धोका, म्हणून काटा. शेवटच्या दिवसांत मात्र तेही बंद केलं, कारण पोटाखाली हात घालून उचलणं आता चालणार नव्हतं.

खाण्याची खरी अडचण ‘क’ जीवनसत्त्वाची. माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही ते स्वतः बनवत नाही. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी १९०७ साली गिनीपिगांना नुसतं धान्य चारलं, तर त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही झाला. पुढे ‘क’ जीवनसत्त्वापर्यंत पोचलेली वाट तिथून निघाली. गाभण मादीला ते नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट लागतं. आवळ्याचा मोसम संपलेला. आजीनं आवळकाठी काढून दिली, पण सुकवण्यात बरंच जीवनसत्त्व उडून जातं. मग ढोबळी मिरची आणि कोथिंबीर. भर उन्हाळ्यातले भंडाऱ्याच्या बाजारातले कोथिंबिरीचे भाव आठवले की आजही आईच्या कपाळाला आठी पडते.

हिरवा चारा त्याहून अवघड. उन्हाळी धानाच्या धुऱ्यावर गवत भरपूर होतं, पण तिथं तुडतुड्यांवर फवारण्या चाललेल्या. तेव्हा न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली हरळी हाच भरवसा. धानाची तणीस अंथरायला घातली. तीही चिंगी चघळत बसे.

आणि मग नवतपा. मेच्या शेवटी सुरू होणारे हे नऊ दिवस आमच्याकडे माणसांनाच झेपत नाहीत. पारा ४५च्या पुढे. गिनीपिग अँडीजच्या थंड डोंगरातलं जनावर, त्याला तिशीसुद्धा जड. चिंगीचा पिंजरा कूलरच्या खोलीत हलवला आणि आजीनं घर डोक्यावर घेतलं. “कूलर बंद करा ना बाप्पा! बाळंतपणात वारं लागंल तिले.” तिच्या हिशेबात बाळंतिणीला अंधारी खोली, बंद खिडक्या आणि शेक. आमच्या हिशेबात गारवा. तडजोड अशी झाली, की कूलरचा झोत भिंतीकडे वळवला आणि पिंजऱ्यात एक माठ आडवा ठेवून त्याला ओलं फडकं गुंडाळलं. वीज गेली की बाटलीत गोठवलेलं पाणी कापडात बांधून जवळ ठेवायचं. चिंगी त्या बाटलीला पाठ टेकून झोपायची.

घरटं-बिरटं तिनं काही केलं नाही. पहाटे मी उठले तेव्हा ती उकिडवी बसली होती, उचकी लागल्यासारखी हलत होती. मान खाली घालून तिनं दातांनी पहिलं पिल्लू ओढून घेतलं, वरची पिशवी फाडली, चाटलं. थोड्याच वेळात दुसरं. ती दुसऱ्यातच गुंतलेली असताना तिसरं आलं आणि पिशवीतच राहिलं. हात लावू नका, एवढ्याच वेळी लावा, असं बाईंनी बजावलेलं होतं. मी बाईंचे शब्द आठवत बसले होते, तेवढ्यात आजी वाकली. तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या पदरानं पिल्लाच्या नाकावरची पिशवी सारली, पाठ खसाखसा चोळली. पिल्लानं बारीक चीं केलं. तिनं ते चिंगीच्या तोंडापाशी ठेवलं आणि मागे सरकली.

एवढं करून चिंगीनं जार खायला सुरुवात केली, तेव्हा मात्र आजी हबकली. गाईचा जार पडला की गाईनं तो खाऊ नये म्हणून रात्र जागवलेली बाई ती. हे जनावर खातंच, खाऊ द्यायचं असतं, हे तिला पटवायला सकाळ गेली.

पिल्लं उघड्या डोळ्यांची, अंगभर केसांची, दात आलेली. प्रत्येक मुठीत मावेल एवढं, पण तासाभरात पायांवर आणि संध्याकाळी हरळीचं पातं तोंडात. उंदराच्या गुलाबी, आंधळ्या पिल्लांची सवय असलेल्या आजीला हे फारच आवडलं. त्या दिवशी उंदराचा विषयच तिनं सोडला. खरं तर उंदरांबद्दलचा तिचा राग तिच्या आईकडून आलेला. प्लेगमध्ये घरं सोडून शेतात राहिल्याच्या गोष्टी तिनं ऐकलेल्या. १९०५ साली नेमलेल्या प्लेग आयोगाची माणसं मुंबईत प्लेगच्या घरांत गिनीपिगच सोडत आणि त्यांच्या अंगावर चढलेल्या उंदरांच्या पिसवा गोळा करत, हे मी तिला सांगितलं. “मंग पाप तर यायच्याच माथी आलं,” ती म्हणाली आणि मिरचीची फोड आत टाकली.

आई म्हणून चिंगी फारशी हळवी नव्हती. सड दोनच, पिल्लं तीन. एकाला थांबावं लागे. मधूनच ती उठून चालू पडायची आणि पिल्लं रांगेनं मागे धावायची. काळं पिल्लू कारण नसताना जागच्या जागी उड्या मारी.

तीन आठवड्यांनी नर वेगळे काढावे लागतात, कारण त्या वयातच ते बाप व्हायला लायक होऊ लागतात. या वेळी बाईंनी स्वतः येऊन तपासलं. दोन नर, एक मादी. नर तुमसरच्या मामांकडे गेले, काळी आमच्याकडे राहिली. चिंगीला पुन्हा वेत होऊ दिलं नाही. ती आणखी पाच वर्षं जगली, हिवाळ्यात गेली. फ्रिजचं दार उघडलं की काळी आणि जाळीपलीकडचा मंग्या दोघं शिट्ट्या मारायला लागत. न्हाणीच्या मोरीवरची हरळी तोवर आजीच्या ताब्यात गेली होती आणि तिथं साबणाचे कपडे धुवायला आईला सक्त मनाई होती.